फटीतलं तेंदूचं पान

आजवरच्या आयुष्यात मला फक्त एकाच माणसाने फसवलं नाही, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ज्यांनी फसवलं त्यांचं सोपं असतं. त्यांच्याशी भांडता येतं, बाजारात त्यांची चार लोकांत शोभा करता येते, पुढच्या हंगामात त्यांचं धान दारातून परत पाठवून उट्टं काढता येतं. चंद्रपूरकडच्या सावली गावात माझी राईस मिल आहे. पाठीवर पोती वाहणारा हमाल म्हणून सुरुवात केली आणि दुसऱ्याच्या मिलमधून स्वतःच्या मिलमध्ये आलो. एवढ्या वर्षांत एक शिकलो, की पोत्याच्या तोंडाशी असलेले दाणे पाहायचेच नाहीत. लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसायची आणि तळाचं धान बाहेर काढून पाहायचं. माणसांनाही मी तशीच परखी लावतो. अडते, वकील, ठेकेदार, सोयरे, सगळे तिच्याखालून गेले आणि प्रत्येकाच्या तळाशी ओंजळभर तरी कोंडा निघाला. एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीच्या बाबतीत मात्र मी परखी खुपसत राहिलो, खुपसत राहिलो, आणि शेवटी माझाच हात दुखला.

आमच्याकडे त्याला सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात. सावलीच्या बाहेर, गडचिरोलीच्या रस्त्याला, एका बेहड्याच्या झाडाखाली त्याचं टिनाचं शेड आहे. माणूस उंच, वाळका, कमरेत थोडा वाकलेला. अंगात शर्ट एकच, आणि त्यावर तालुक्यातल्या झाडून सगळ्या गाड्यांचे रंग. कुणाचा ट्रॅक्टर कधी रंगवला हे आठवत नसलं की तो शर्टाची बाही पाहून सांगतो. उमेदीची वर्षं त्याने माजरीला काढली. तिथल्या कोळशाच्या खाणीवरचे चेपलेले डंपर तो एका ठेकेदाराच्या हाताखाली ठोकून सरळ करायचा. त्या ठोकाठोकीत त्याचा डावा कान गेला. म्हणून त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पहिल्या दोन महिन्यांत मी त्याला जे काही सुनावलं, आणि त्यात माझी काही फार चांगली वाक्यं होती, ते सगळं माझी खुर्ची त्याच्या डावीकडे असल्यामुळे बेहड्याच्या झाडाने ऐकलं.

आमचा संबंध आला तो गाडीमुळे. गाडी विलायती, उघड्या टपाची, माझ्या जन्माच्या आधीची. ती आमच्या जुन्या मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, होती आणि माझे बाबा त्या मालगुजाराकडे कामाला होते. गाडी धुवायची, पुसायची आणि रुतली की ढकलायची, हे बाबांचं काम. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात मालगुजाराला पलीकडे जायचं झालं की रेतीवर बांबूचे तट्टे अंथरायचे, त्यावर गाडी घालायची आणि सहा-सात जणांनी मागून रेटायची. मालगुजार आत छत्री उघडून बसलेले असायचे. बाबांनी ती गाडी कितीदा नदीपार नेली याला गणती नाही, पण एकदाही बसून नाही. मालगुजाराचा नातू नागपूरला राहतो. त्याच्या इथल्या गोठ्यात ती गाडी कडब्याखाली पडली होती. मी ती काढली, घासाघीस करून घेतली आणि घरासमोर आणून उभी केली. बाबा काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारून आले, मागच्या बाजूला थांबले आणि दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवून म्हणाले, "इथी हात ठेवत होतो." मग थोड्या वेळाने विचारलं, "चालन का रे हे? नदीवरी?"

"नदीवरी काय, पार नेतो तुमाले," मी म्हणालो. "बसून."

बोलून गेलो खरा. बाबा पंच्याऐंशीच्या पुढे होते. पावसाळ्याच्या आत त्यांना पलीकडे न्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. इंजिनाचं काम चंद्रपूरच्या एका मेकॅनिकने केलं आणि मला फसवलं, म्हणजे तिथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. राहिले होते पत्रे आणि रंग. त्यासाठी मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने आकडा सांगितला. मी माझ्या रिवाजाप्रमाणे निम्मा बोललो, चेहरा दगडासारखा केला आणि पुढच्या अर्ध्या तासाच्या झटापटीसाठी खुर्चीत नीट बसलो.

"बरं जी," मिस्त्री म्हणाला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता. बायको म्हणाली, "निम्म्यात झालं तं तोंड काऊन पाडून बसले?" मी तिला समजावलं की निम्म्यात हो म्हणणारा एक तर अर्धंच काम करतो, नाही तर जुने पत्रे विकून बदली टिन ठोकतो. ती म्हणाली, "तुमी त्याले पुरे देले असते तं लुटलं म्हणले असते. तुमाले जेवाचंच नाई आज, मंग सरळ सांगा ना." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीच्या प्रत्येक पत्र्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने एक बारीक खूण केली आणि मगच गाडी त्याच्या शेडमध्ये सोडली.

पहिले तीन दिवस त्याने हातोडीला हात लावला नाही. तो गाडी ऐकत होता. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करायची आणि चांगला कान टेकवायचा, मग दोन बोटं पुढे सरकायचं. मी विचारलं, "काय ऐकून राह्यले?" तर म्हणाला, "कुठी कुठी मार खाल्ला, थे सांगून राह्यली जी." गाडीच्या पत्र्यांची त्याने घरच्या माणसांसारखी नाती लावून ठेवली होती. बोनेट म्हणजे घरातला मोठा भाऊ, त्याला आधी सरळ करायचं, मग बाकीचे ऐकतात. दार आणि मडगार्ड या जावा. "एकीले समजावलं का दुसरी रुसते जी. दोघींच्या मधात फट पाह्यजेच, पण लय नाई पाह्यजे." मागच्या बाजूला आला तेव्हा मात्र तो बराच वेळ एकाच जागी थांबला. तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. "ही ठोकर नाई," तो म्हणाला. "हात लागले हायेत इथी. लय वर्षं. हे दोन खड्डे काढू का ठेवू?" मी त्याला बाबांच्या ढकलण्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. म्हणजे हा माझ्या घरची चौकशी करत फिरतो, एवढं माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "काढा. सपाट पाह्यजे सगळं."

"बरं जी," मिस्त्री म्हणाला.

आता त्याच्या तेंदूच्या पानांबद्दल सांगायला हवं. दोन पत्र्यांमधली फट सारखी आहे की नाही हे पाहायला इतर मिस्त्री पट्टी लावतात. आमचा मिस्त्री तेंदूचं, बिडीला लावतात ते, वाळलेलं पान चौघडी करून फटीत वरून सोडतो. पान अडकलं तर फट कमी. सरळ खाली पडलं तर जास्त. ते अडतही नाही आणि पडतही नाही असं, दम खात खात खाली उतरलं पाहिजे, तेव्हा तो दाराच्या पाठीवर थाप मारतो. बिडी त्याने जन्मात ओढली नाही, तरी शेडमध्ये तेंदूच्या पुड्यांची चळत. एकदा जंगलखात्याच्या एका माणसाने ती पाहिली आणि हा माल कुठला म्हणून दरडावून विचारलं. मिस्त्रीने उत्तर देण्याऐवजी त्याच्या मोटारसायकलच्या टूलबॉक्सच्या झाकणात पान सोडून दाखवलं. ते अडकलं. मिस्त्रीला ते सहन झालं नाही. त्याने झाकण उतरवलं, ठोकलं, पुन्हा बसवलं, आणि तो बिचारा साहेब दोन तास बेहड्याखाली बसून राहिला. जाताना त्याने तेंदूचा विषय काढला नाही. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं, की पान वर-खाली करून दाखवणारा माणूस हातात दुसरं काही तरी लपवत असणार.

पौषात त्याने मला बोलावलं. गाडी चाकांवर उभी होती, दारं बसवलेली होती, फटी माझ्या डोळ्यांना बऱ्या दिसत होत्या. तो म्हणाला, "भाऊ, घरचे किती जण बसान?" मला तालुक्यात सगळे शेठ म्हणतात. हा एकटा भाऊ म्हणतो. मी म्हटलं, तिघं. "मंग तिघाईच्या वजनाचं धान पाठवा. पोत्यात भरून."

मी म्हटलं, "धान कायले?"

तेव्हा त्याने मला जे सांगितलं ते असं: "टपाची गाडी पेटीसारखी राह्यते जी, कोणी बसलं तरी दबत नाई. हे बिनाटपाची गाडी म्हंजे खाट हाय. बसलं का मधात लचकते. रिकाम्या गाडीवर दरवाजा बसवला, अन् मंग माणसं बसली, तं फट बदलते. ज्याईले बसाचं हाय, त्याईच्याच वजनावर बसवा लागते." बोलणं पटण्यासारखं होतं, आणि पटण्यासारख्या बोलण्याचीच मला जास्त भीती वाटते. मिलवाल्याकडून धान काढायची इतकी सुबक युक्ती मी स्वतःसुद्धा काढली नसती.

तरी तोललं. मिलच्या काट्यावर आधी मी चढलो, चौऱ्याऐंशी. मग बायको. "मले धानासारखं तोलता का?" ती म्हणाली. हमालांनी भिंतीकडे तोंडं फिरवली, तेव्हा ती चढली, आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही या बोलीवर उभी राहिली. शेवटी बाबा. बावन्न. उतरताना म्हणाले, "त्याच्यातही कोंडाच जास्त हाय." मी पोत्यांमध्ये सगळ्यात जुनं, जाडं ठोकळ धान भरलं, जे चोरूनही कुणाला फायदा नाही, आणि पोत्यांची तोंडं दाभणाने स्वतः शिवली. माझी शिवण उजवीकडून डावीकडे जाते आणि शेवटच्या टाक्याला मी दोरा दोनदा ओढतो. तशी गाठ सावलीत दुसरा कुणी मारत नाही. बाबांचं पोतं पुढच्या डाव्या सीटवर, माझी दोन सुकाणूमागे, बायकोचं मागे. मिस्त्रीने त्यांना सीटवर असं बसवलं की जणू पाहुणे आले आहेत.

यानंतर रंगाचं निघालं. मूळ रंग कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं. पत्र्यावर हिरवा, त्याखाली काळा, त्याखाली गंज. मिस्त्री उठून आमच्या घरी आला आणि बाबांना विचारलं. बाबा लगेच म्हणाले, "मोहाच्या फुलाचा. सकाळी पडलेल्या. दुपारच्या नाई."

"मंग थांबा लागन जी," मिस्त्री मला म्हणाला. "मोह फाल्गुनात पडन."

मी म्हटलं, आमच्या घरात मोहफुलं डब्यात भरलेली आहेत, ती घेऊन जा. तो म्हणाला, "थे वाळले ना जी. वाळल्यावर मनुक्यासारखे होते." एका रंगासाठी दोन महिने थांबायचं, तेही गाडी त्याच्या ताब्यात ठेवून. मी त्याला त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तेही डावीकडूनच बोललो होतो.

आणि माघापासून हा माणूस दर इतवारी आमच्या घरी येऊ लागला. हातात रंगाचा रिकामा डबा, डब्यात तणस, तणशीत चार अंडी. त्याच्या शेडमागे पाच-सहा कोंबड्या होत्या, त्यांची. ती बायकोच्या हातात द्यायची, म्हणायचं, "बाबाले देजा," आणि बाबांच्या खाटेजवळ, चांगला कान त्यांच्याकडे करून बसायचं. दोघं काय बोलायचे ते मला कळायचं नाही. बाबा तट्ट्यांबद्दल सांगायचे, मालगुजाराच्या छत्रीबद्दल सांगायचे, कोणत्या वर्षी गाडी कुठे रुतली ते सांगायचे. थोड्या वेळाने मिस्त्री उठायचा आणि बाबांना दोन्ही हातांवर उचलून अंगणात उन्हात नेऊन खुर्चीवर ठेवायचा. बाबा काठीने चालू शकत होते. ते म्हणायचेही, "चालतो रे मी." पण हा ऐकायचा नाही. उचलायचा, क्षणभर तसाच उभा राहायचा, मग चालायचा. मी पडवीतून पाहत असायचो. म्हाताऱ्याला उचलून दाखवायचं, चार अंडी द्यायची आणि पाचव्या इतवारी मुलाकडे बोली वाढवून मागायची, हे इतकं उघड होतं की मला त्याची कीव आली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पाचवा इतवार गेला, सहावा गेला. त्याने काही मागितलं नाही, त्यामुळे माझा संशय आणखी पक्का झाला.

फाल्गुन लागला तेव्हा मी शेडमध्ये गेलो असताना मला ती शिवण दिसली. बाबांच्या पोत्याचं तोंड डावीकडून उजवीकडे शिवलेलं होतं. मिस्त्री बाहेर रंगाचे डबे धूत होता. मी पटकन पोती एकेक करून उचलून पाहिली. हमालीत माझ्या हाताला एक गोष्ट आली आहे ती अजून गेली नाही: पोतं कमरेपर्यंत उचललं की मी त्याचं वजन किलोपर्यंत सांगतो. काट्याशी माझी पैज लागलेली असते आणि काटा हरतो. माझी दोन्ही पोती पुरी होती. बायकोचं पुरं होतं. बाबांचं शेहेचाळीस भरलं. सहा किलो गेलं होतं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी परखीला कोंडा लागला होता. मी त्या दिवशी काही बोललो नाही. चोराला घाई करायला लावायची नसते. पुढच्या आठवड्यात चव्वेचाळीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात शिवण पुन्हा बदललेली आणि पोतं एक्केचाळीसवर. चोरी फक्त बाबांच्या पोत्यातून, याचंही कारण मी लावलं होतं. म्हाताऱ्याचं पोतं लहान, कमी झालेलं कुणाच्या लक्षात येणार.

चौथ्या वेळी मी साक्षीदार पाहून गेलो. शेडमध्ये एक ट्रॅक्टरवाला बसला होता. बेहड्याखाली मिस्त्रीच्या कोंबड्या काहीतरी टिपत होत्या. मी वाकून पाहिलं. माझं ठोकळ धान. मी मिस्त्रीसमोर उभा राहिलो आणि चोर, लबाड, म्हाताऱ्या माणसाच्या नावाचं खाणारा, असं सगळं एका दमात म्हणालो.

"काय म्हणता जी?" मिस्त्री म्हणाला.

मी डाव्या बाजूला होतो. वळसा घालून उजवीकडे जावं लागलं आणि सगळं पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते तेवढं चांगलं जमलं नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हो जी. मीच काढलं." ट्रॅक्टरवाल्याकडे एकदा पाहिलं आणि मला दंडाला धरून गाडीच्या डाव्या दाराशी नेलं. आवाज खाली करून म्हणाला, "बाबा वाळून राह्यले, भाऊ."

मी सीटवरच्या पोत्याकडे पाहिलं.

"हा दरवाजा त्याईचा हाय. बावन्नवर बसवला, अन् एक्केचाळीस बसले, तं पान टिकन नाई. म्हणून जसे थे कमी होऊन राह्यले, तसं काढून राह्यलो."

"एक्केचाळीस तुमाले कोणं सांगतलं?"

"दर इतवारी उचलतो ना जी."

मी म्हणालो, दहा-अकरा किलोनं दरवाजाले काय फरक पडते. माणसाच्या तोंडून काहीही निघतं. तो म्हणाला, दरवाजाला पडतो. मग मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा गडबडला. हातातलं पान उघडून पुन्हा घडी घालत म्हणाला, "तुमचा हात तं माह्यापेक्षा पक्का हाय जी. सारे म्हणते. मले वाटलं, तुमाले मालूमच असन."

मी घरी आलो. बाबा खाटेवर पडले होते. मी म्हटलं, "उन्हात बसता का?" त्यांनी काठीकडे हात नेला. मी त्यांच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि उचललं. हमाली सोडल्यानंतर किती पोती उचलून पाहिली असतील, पण बाबांना मी त्याआधी कधी उचललं नव्हतं. माझा हात चुकत नाही. चाळीस आणि एक्केचाळीसच्या मध्ये.

"तू काऊन?" बाबा म्हणाले. "मिस्त्री नाई आला का?"

त्यानंतर मिस्त्रीला घाई कर म्हणायचीही माझी सोय राहिली नाही. मोह पडायला लागला तसा मीच पहाटे उठून झाडाखाली जायला लागलो, आणि ताजी फुलं पळसाच्या पानात घेऊन उन्हं वर येण्याच्या आत शेडमध्ये पोचवायला लागलो. माझ्यावर तेव्हा जे लोक हसले त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. मिस्त्री टिनाच्या तुकड्यावर रंगाचा पट्टा मारायचा, वाळवायचा, आणि आम्ही दोघं तो बाबांकडे न्यायचो. बाबा फूल तळहातावर धरून पाहायचे. पहिला पट्टा पिवळा, दुसरा "पेजेसारखा", तिसरा दुपारचा. चौथ्याला त्यांनी फूल पट्ट्यावर ठेवलं आणि थोडा वेळ शोधल्यासारखं केलं. "हा," म्हणाले.

वैशाखात, सकाळी, गाडी दारात उभी राहिली. मी आधी माझ्या खिळ्याच्या खुणा तपासल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. मग मागे गेलो आणि माझं डोकं फिरलं. दोन तळव्यांचे खड्डे तसेच होते, वर सुंदर रंग चढवलेला. इतक्या महिन्यांत "बरं जी" म्हणून त्याने न ऐकलेली ती एकच गोष्ट. मी तोंड उघडणार इतक्यात बाबा काठी टेकत मागे आले, काठी माझ्याकडे दिली, दोन्ही तळवे त्या खड्ड्यांमध्ये ठेवले आणि गाडी थोडी रेटून पाहिली. मिस्त्री दुसरीकडे पाहत होता.

बाबांना मी उचलून पुढच्या सीटवर बसवलं. बायको मागे बसली, मी सुकाणूमागे. मिस्त्रीने डावं दार लावलं. आवाज इतका हलका आला की लागलं की नाही हे मला कळेना. मग त्याने खिशातून तेंदूचं पान काढलं, चौघडी केली आणि फटीत वरून सोडलं. आम्ही चौघंही त्या पानाकडे पाहत होतो. ते उतरत, थांबत, पुन्हा उतरत खालपर्यंत गेलं. मिस्त्रीने दाराच्या पाठीवर थाप मारली.

बायको त्याला म्हणाली, "चला ना तुमीही. माह्या बाजूनं जागा हाय."

"नाई जी," तो म्हणाला. "माहं पोतं नव्हतं."

व्याहाड गावाच्या पुढे वैनगंगेचा पूल लागला. नदीत पाणी थोडं आणि रेती फार होती. बाबांनी दोन्ही हात दारावर ठेवले होते आणि खाली पाहत होते. "तिथून तट्टे टाकत होतो," एवढंच म्हणाले. पुलाच्या मध्यावर मी जरा वेग घेतला, तशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हळू चालव रे. मागं ढकलनाऱ्याईले धाप लागते." मी आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं, बायको पदर तोंडाला लावून दुसऱ्या बाजूला नदी पाहत होती. मी गाडी इतकी हळू नेली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

बाबा त्या पावसाळ्यात गेले. नंतर मी मिस्त्रीकडे त्याचा पहिला, पुरा आकडा घेऊन गेलो. जन्मात पहिल्यांदा मी माझी बोली आपण होऊन वाढवत होतो. तो म्हणाला, "निम्म्यात ठरलं होतं ना जी," आणि काही केल्या ऐकेना. आम्ही अर्धा तास भांडलो, मी वर ओढतोय आणि तो खाली. ज्या झटापटीसाठी मी पहिल्या दिवशी खुर्चीत नीट बसलो होतो ती अशी उलट्या बाजूने झाली, आणि तीही मी हरलो. उठताना तो म्हणाला, "भाऊ, थे डावा दरवाजा आता रिकाम्या सीटवर बसवून देऊ का? दोन दिवसाचं काम हाय." मी नको म्हणालो.

सीट रिकामी असली की ते दार लागतं, पण आवाज वेगळा येतो आणि पान तळापर्यंत थेट खाली पडतं. म्हणून गाडी काढली की मी डाव्या सीटवर बाबांच्या वजनाचं ते पोतं ठेवतो. सावलीत लोक म्हणतात, शेठ इतका कंजूस, की धानालाही फिरायला नेतो आणि कुणा माणसाला बसू देत नाही. म्हणोत. मी मिलवाला आहे, धान सुकतं आणि वजन उतरतं हे मला कुणी शिकवायला नको. दर उन्हाळ्यात मी ते पोतं कमरेपर्यंत उचलतो, तसाच क्षणभर उभा राहतो, आणि कमी वाटलं तर शिवण उसवून वरून मूठभर धान टाकतो आणि पुन्हा शिवतो. डावीकडून उजवीकडे. मिस्त्री कधी कधी समोर असतो. तो सगळं पाहतो आणि काहीच म्हणत नाही. इतक्या वर्षांनीही त्या माणसाचं काही न म्हणणं मला संशयाचंच वाटतं.